मराठी कीबोर्डवर 'पाटील' टाकलं की ॲपमध्ये 'पपापाटपाटीपाटील' उमटतंय, कीबोर्ड ॲपला नेमकं पाठवतो तरी काय?

हळदीचं_पोतं (सांगली)

रामराम मंडळी. जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

मामांचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे, दिवसा मी तिथं हिशोबाला बसतो आणि रात्री यूट्यूब बघून बघून अँड्रॉइड शिकलोय, शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळं एखादा शब्द चुकीचा वापरला तर हसू नका. दुकानापुरतं एक छोटं ॲप केलंय कोटलिनमध्ये. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर टाकायचा, हमाली तोलाई वजा होऊन पट्टी तयार. मामा खूष. सौदे जोरात सुरू व्हायच्या आत दिवाणजींच्या नव्या फोनवर टाकून दिलं आणि तिथंच माती झाली.

दिवाणजी मराठी कीबोर्डवर नाव टाकायला गेले. प दाबला, काना दाबला, ट, दुसरी वेलांटी, ल. मोजून पाच बटणं. आणि बॉक्सात आलं "पपापाटपाटीपाटील". मला आधी वाटलं बटण दाबून धरतायत म्हणून असं होत असेल, स्वतः टाकून बघितलं तर तेच. दिवाणजी म्हणाले, "पोरा, तुझं ॲप अडखळत बोलालंय की." सगळ्या दुकानात हशा.

गंमत म्हणजे माझ्या फोनवर हेच ॲप नीट चालतंय. मामांच्या जुन्या फोनवर पण नीट. लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये (म्हणजे लॅपटॉपातला नकली फोन) तर एक नंबर. घोळ फक्त दिवाणजींच्या फोनवर, आणि काल बघितलं तर हमालांच्या मुकादमाच्या फोनवर पण. नावाच्या बॉक्सात आकडे येऊ नयेत म्हणून एक छोटा फिल्टर लावलाय खरा, पण तो काही करत नसणार, कारण बाकीच्या फोनवर पण तोच फिल्टर आहे.

दुसरं म्हणजे एंटर आणि बॅकस्पेस पकडायला मी की-लिसनर (बटण दाबलं की कळवणारा कोड) लावला होता, लॅपटॉपच्या कीबोर्डनं दाबलं की बरोबर पकडतो, फोनच्या कीबोर्डवर कधी पकडतो कधी काहीच नाही. आणि तिसरं किरकोळ, कीबोर्ड वर आला की सेव्हचं बटण त्याच्या खाली झाकलं जातंय.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. मी धरून चाललो होतो की स्क्रीनवरचं बटण दाबलं की ते अक्षर ॲपला जातं, कॉम्प्युटरला जसं वायरीतनं जातं तसं. हे बघून तसं वाटत नाही. मग मधी चालतं काय? कुणीतरी सरळ मराठीत सांगा राव, इंग्रजीतलं वाचून डोकं उठलंय.

भडंग_भाई (सांगली)

भावा कीबोर्डचा कॅशे क्लिअर मार, नाहीतर सरळ दुसरा कीबोर्ड टाक. माझं पण असलंच कायतरी व्हायचं, दुसरा टाकल्यावर गप झालं.

हळदीचं_पोतं

केलं भाई दोन्ही. दुसरा टाकला तर त्यात नीट चाललं पण दिवाणजींना तो नको, त्यांची बोटं बसलीत जुन्यावर. आणि उद्या शेजारच्या दुकानदाराला ॲप दिलं तर त्याला पण "आधी कीबोर्ड बदला" म्हणून सांगू का?

कऱ्हाडची_कोडर (कऱ्हाड, जि. सातारा)

दादा, मला दाट संशय आहे की चोर तुमचा फिल्टरच आहे. पण आधी प्रश्नाचं उत्तर देते, ते कळलं की चोर तुम्हालाच दिसेल.

स्क्रीनवरचा कीबोर्ड हे एक वेगळं ॲप असतं. तुमच्या ॲपचा त्यात काही हात नाही. त्याची प्रोसेस वेगळी, मेमरी वेगळी, खिडकी वेगळी, ती खिडकी फक्त तुमच्या ॲपच्या अंगावर येऊन बसते. कीबोर्डला तुमचा बॉक्स दिसत नाही आणि तुमच्या ॲपला कीबोर्डची बटणं दिसत नाहीत. मधी अँड्रॉइडची सिस्टिम असते, इनपुट मेथड मॅनेजर म्हणतात तिला. तुमच्या धंद्यातलंच सांगायचं तर शेतकरी आणि व्यापाऱ्याच्या मधला अडत्या. आत्ता कुठल्या ॲपचा बॉक्स पुढं आहे, कुठला कीबोर्ड चालू आहे, दोघांची गाठ कशी घालायची हे ती बघते. फरक एवढाच की एकदा गाठ घालून दिली की हा अडत्या बाजूला होतो, पुढचं बोलणं त्या दोघांत थेट, आणि अडत पण घेत नाही.

आता तुम्ही नावाच्या बॉक्सवर बोट टेकवलंत. त्या क्षणाला तुमचं ॲप दोन गोष्टी देतं. एक म्हणजे बॉक्सची माहिती, तिला एडिटर इन्फो म्हणतात: हा बॉक्स आकड्यांचा आहे का नावाचा का पासवर्डचा, एंटरच्या जागी "पुढे" दाखवायचं का "झालं", कर्सर कुठं आहे, वगैरे. वजनाच्या बॉक्सला नुसते आकडे येतात ते ह्यामुळंच, कीबोर्ड ही माहिती वाचतो आणि त्याप्रमाणं बटणं मांडतो. पण ध्यानात ठेवा, ही विनंती असते, हुकूम नव्हे. कीबोर्डनं नाही ऐकलं तर तुम्ही काही करू शकत नाही, त्यामुळं आलेला मजकूर तुम्हाला तपासावा लागतोच. जाता जाता, अँड्रॉइड ७ पासून ह्याच माहितीत भाषेचा इशारा पण देता येतो, म्हणजे नावाच्या बॉक्सवर आलं की कीबोर्ड आपणहून मराठीवर जायला पाहिजे असं सुचवता येतं. दिवाणजींचा तेवढा एक टॅप वाचेल.

दुसरी गोष्ट म्हणजे इनपुट कनेक्शन. हा खरा मुद्दा. ॲप जणू बॉक्सची दोरी कीबोर्डच्या हातात देतं आणि म्हणतं, आता तूच लिही. ह्या दोरीवरनं बटणं जात नाहीत हो, कामं जातात. "कर्सरपाशी हा मजकूर घाल." "कर्सरच्या मागची दोन अक्षरं पूस." "कर्सरच्या आधी काय लिहिलंय ते मला सांग." कीबोर्ड हा बटणं दाबणारा नसून तुमच्या वहीत लिहिणारा कारकून आहे असं समजा.

आणि हा कारकून दोन प्रकारे लिहितो. तुमच्याकडं आधी कच्ची चिठ्ठी होते आणि मग पक्की पट्टी, बरोबर? तसंच. तुम्ही शब्द टाईप करत असता तेव्हा शब्दाखाली बारीक रेघ दिसते बघा, तो कच्चा मजकूर. तोपर्यंत कीबोर्ड म्हणत असतो, अजून ठरलं नाही, मी हे बदलणार आहे. स्पेस दिला किंवा वरच्या पट्टीतला शब्द निवडला की तो पक्का होतो, रेघ जाते. कच्च्याला कम्पोझिंग टेक्स्ट म्हणतात, पक्कं करण्याला कमिट.

मराठीत तर हे जास्तच चालतं, कारण कीबोर्ड पूर्ण शब्दाचा अंदाज घेत असतो. त्यामुळं तुमच्या पाच बटणांना प्रत्यक्षात असे पाच निरोप जातात: कच्चा मजकूर "प" कर. कच्चा मजकूर "पा" कर. मग "पाट" कर. मग "पाटी" कर. मग "पाटील" कर. दर वेळी अख्खा शब्द पुन्हा. आधीचा कच्चा काढून त्या जागी नवा बसवायचा. आता तुमचं "पपापाटपाटीपाटील" तोडून बघा. प, पा, पाट, पाटी, पाटील. पाचही निरोप एकामागं एक चिकटलेत. म्हणजे नवा मजकूर आला पण आधीचा कच्चा निघाला नाही.

माझ्या फोनवर का होत नाही म्हणाल, तर तुमच्या कीबोर्डात बहुतेक सजेशन बंद असणार. तेव्हा बरेच कीबोर्ड कच्चं काही ठेवत नाहीत, एकेक अक्षर थेट पक्कं करत जातात. मामांच्या फोनवरचा जुना कीबोर्ड पण तसाच असेल. आणि लॅपटॉपचा तर खराखुरा कीबोर्ड, त्याची खरीखुरी बटणं जातात.

की-लिसनर फसतो तो पण ह्याच कारणानं. पडद्यावरच्या कीबोर्डनं बटण पाठवायलाच पाहिजे असा नियम नाही. बॅकस्पेस दाबला तर तो "पूस" म्हणेल नाहीतर कच्चा मजकूर एक अक्षर कमी करून पाठवेल. एंटरला तो "ह्या बॉक्सचं ठरलेलं काम कर" असा निरोप देतो, त्यासाठी एडिटर ॲक्शनचा लिसनर वेगळा असतो, तो लावा. ही सगळी गुंतागुंत कुठनं आली तर २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन आला त्याला सरकवून बाहेर येणारा खरा कीबोर्ड होता, स्क्रीनवरचा नव्हताच, तो २००९ मध्ये अँड्रॉइड १.५ बरोबर आला. बटणांचा रस्ता आधीपासून होता, त्याच्या शेजारी हा दुसरा रस्ता काढला, आणि आजपण दोन्ही चालू आहेत.

तुमचा फिल्टर काय करतो ते शब्दांत लिहा, मग बोलू.

पोवई_नाका (सातारा)

ताईंनी मस्त सांगितलंय. मी वेबवाला आहे, मोबाईलच्या ब्राउझरात पण हाच तमाशा चालतो म्हणून भर घालतो.

मी एका फॉर्ममध्ये की-डाऊनवर कोड बघून ठरवायचो की कुठलं बटण दाबलं. डेस्कटॉपवर झकास. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये उघडलं तर कुठलंही अक्षर दाबा, कोड येतो २२९. क दाबा २२९, ळ दाबा २२९. दोन दिवस मी २२९ हे कुठलं अक्षर म्हणून शोधत बसलो होतो. ते अक्षरच नाही, त्याचा अर्थ एवढाच की "इनपुट मेथडचं काम चालू आहे, मला विचारू नको". ब्राउझरला स्वतःलाच बटण कळलेलं नसतं, त्याला पण वर सांगितलं तसा कच्चा मजकूरच मिळतो, तो तुम्हाला कुठनं देणार. तेव्हापासनं मी बटणाच्या नादाला लागत नाही, इनपुटचा इव्हेंट ऐकतो आणि बॉक्सात आत्ता काय आहे ते बघतो. कच्चं चालू झालं, बदललं, संपलं ह्याचे पण वेगळे इव्हेंट असतात कम्पोझिशनचे, संपल्याशिवाय मजकुराला हात लावायचा नाही.

आणि अजून एक, कीबोर्ड हँग होतो म्हणून लोक कीबोर्डला शिव्या घालतात ना, बऱ्याचदा दोष ॲपचा असतो. कीबोर्ड विचारतो "कर्सरच्या आधी काय आहे" आणि ॲपचा मुख्य थ्रेड (स्क्रीनचं काम बघणारा) तिकडं डेटाबेसमध्ये अडकलेला. कीबोर्ड उत्तराची वाट बघत थांबतो, अँड्रॉइडनं त्याला दोन सेकंदांची मर्यादा घातलीय, पण टाईप करणाऱ्याला दोन सेकंद म्हणजे जन्म गेल्यासारखं वाटतं.

सेव्ह बटणाचं: ॲक्टिव्हिटीला (म्हणजे ॲपच्या त्या पानाला) ॲडजस्ट-रिसाईझ लावून बघ, कीबोर्ड आला की पान आखडतं. अँड्रॉइड ११ पासून कीबोर्डची उंची इन्सेट म्हणून सरळ मागता येते, ती घेऊन तेवढी जागा खाली सोड. कीबोर्ड वेगळी खिडकी आहे म्हणून तुला ती मागूनच घ्यायला लागते.

हळदीचं_पोतं

बाबो. रेघेचा अर्थ आज कळला, आजपर्यंत मला वाटायचं स्पेलिंग चुकलं म्हणून रेघ येते.

ताई फिल्टर असा आहे: जो मजकूर आत येतोय त्यातलं एकेक अक्षर बघायचं, इंग्रजी आकडा किंवा मराठी आकडा असला तर टाकून द्यायचा, बाकीची अक्षरं एका नव्या स्ट्रिंगमध्ये (मजकुराच्या तुकड्यात) भरत जायची, आणि शेवटी ती नवी स्ट्रिंग परत द्यायची. बास. आकडा नसला तर जे आलं तेच परत जातं. म्हणून म्हणलं तो काही करत नसणार.

आणि हो, माझ्या फोनवर सजेशन बंदच होते. चालू केले आणि माझं पण ॲप अडखळलं. 😀

कऱ्हाडची_कोडर

झालं, सापडला चोर.

"जे आलं तेच परत जातं" इथंच गफलत आहे. अक्षरं तीच जातात, पण मजकुराबरोबर एक चिकटपट्टी आलेली असते ती तुमच्या नव्या स्ट्रिंगमध्ये येत नाही. कच्चा मजकूर आहे हे ॲपला कळतं कसं? त्या अक्षरांवर एक खूण लावलेली असते, स्पॅन म्हणतात तिला, इथपासून इथपर्यंत कच्चं. ती रेघ पण स्पॅनच. पुढचा निरोप आला की बॉक्स ती खूण शोधतो आणि खुणेतली अक्षरं काढून नवी बसवतो. तुम्ही साधी नवी स्ट्रिंग दिली, खूण गळाली. मग बॉक्स म्हणतो इथं कच्चं काही नाहीच, आणि नवा मजकूर सरळ कर्सरपाशी घालतो. पाचदा घालतो. तुमच्या दिवाणजींनी लिहिलेल्या कच्च्या चिठ्ठीची झेरॉक्स काढून तुम्ही "कच्ची" हा शिक्काच उडवलात असं समजा, दिवाणजींनी दर वेळी पुढं नवी ओळ लिहिली.

करायचं काय तर टाकून द्यायला आकडा सापडला नाही तर स्ट्रिंग बनवूच नका, नल परत द्या. फिल्टरच्या भाषेत नल म्हणजे "जसं आलंय तसं जाऊ दे", खुणांसकट. आकडा सापडला तर मात्र नवी स्ट्रिंग द्यावी लागते, तेव्हा मूळ मजकुरावरचे स्पॅन नव्यावर उतरवून द्या, अँड्रॉइडच्या टेक्स्ट-युटिल्समध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे, फक्त अक्षरं गाळल्यामुळं लांबी बदलली तर जागा नीट सांभाळायच्या. हे फिल्टरच्या अधिकृत माहितीत एक टीप म्हणून लिहिलेलं आहे, पण तिथपर्यंत कोण वाचतंय, मी पण एकदा फसल्यावरच वाचलं.

खरं सांगू का, मी असते तर टाईप करताना फिल्टरच लावला नसता. माणूस लिहितोय तोवर लिहू द्यावं, सेव्ह दाबल्यावर तपासावं, आकडा असला तर बॉक्सखाली लाल अक्षरात सांगावं. मोबाईल नंबरमध्ये मधी स्पेस घालणारी ॲपं असतात ना, टाईप करता करता आख्खा मजकूर बदलतात, त्यांचा कर्सर कसा उड्या मारतो बघितलंय? तीच भानगड, कारकून लिहीत असताना त्याच्या हातातली वही ओढायची.

घाटावरचा_वाईकर (वाई)

मधीच घुसतोय माफ करा, मी कोडिंगवाला नाही, शिक्षक आहे. वरचं वाचून घाबरलोय. म्हणजे कीबोर्ड हे वेगळं ॲप, आणि ते "कर्सरच्या आधी काय आहे ते सांग" असं विचारू शकतं? म्हणजे माझे पासवर्ड, बँकेचं सगळं त्या कीबोर्डवाल्याला दिसतं का काय? आमच्या शाळेत निम्म्या लोकांनी कुठला तरी फुकटचा रंगीबेरंगी कीबोर्ड टाकलाय.

पोवई_नाका

गुरुजी, घाबरू नका पण सावध रहा. होय, जे तुम्ही त्याच्यावर टाईप करता ते त्याला कळतं, न कळून कसं चालेल, तोच लिहितोय की. नवा कीबोर्ड चालू करताना फोन एक इशारा दाखवतो, हा कीबोर्ड पासवर्ड आणि कार्ड नंबरासकट तुम्ही टाईप केलेलं सगळं गोळा करू शकतो असा, आपण सगळे न वाचता ओके मारतो. ॲप पासवर्डचा बॉक्स आहे असं सांगतं तेव्हा चांगला कीबोर्ड सजेशन बंद करतो आणि काही शिकत नाही. अँड्रॉइड ८ पासून "इथलं काही लक्षात ठेवू नको" अशी वेगळी सूचना पण ॲपला देता येते. पण ताई म्हणाल्या तसंच, विनंती. पाळणं कीबोर्डच्या नियतीवर. म्हणून ओळखीचा, नावाजलेला कीबोर्ड ठेवा, शाळेतल्यांचा रंगीबेरंगी काढायला सांगा.

एक दिलासा, यूपीआयचा पिन टाकताना जे आकडे दिसतात तो तुमचा कीबोर्ड नसतो. ते पान एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणारी संस्था) लायब्ररीचं असतं, आकड्यांची बटणं त्या पानावरच काढलेली असतात, त्यामुळं पिन कीबोर्डच्या ॲपकडं जातच नाही. काही बँकांच्या ॲपमध्ये आकडे उलटसुलट जागी येतात तो पण स्वतःचाच कीबोर्ड, पिन टाकताना वैताग येतो पण कारण हे आहे.

आयफोन वापरत असाल तर तिथं नियम कडक आहेत. बाहेरचे कीबोर्ड आयओएस ८ पासून म्हणजे २०१४ पासून चालतात, पण पासवर्डच्या बॉक्सवर आलात की फोन बाहेरचा कीबोर्ड बाजूला करून स्वतःचा पुढं आणतो. आणि "फुल ॲक्सेस" दिल्याशिवाय बाहेरच्या कीबोर्डला इंटरनेट मिळत नाही, म्हणजे कळलं तरी बाहेर धाडता येत नाही. शिवाय एखाद्या ॲपला वाटलं तर ते बाहेरचे कीबोर्ड आपल्यापुरते पूर्ण बंद करू शकतं.

घाटावरचा_वाईकर

धन्यवाद. उद्या स्टाफरूममध्ये हे वाचून दाखवतो, चहाच्या आधी.

डीटीपीवाले_काका (सातारा)

पोरांनो, मी राजवाड्याच्या बाजूला लग्नपत्रिका छापतो, कोडिंगमधलं मला कळत नाही, पण कीबोर्ड काय पाठवतो ह्यावर एक गोष्ट माझ्याकडनं पण घ्या, हळदवाल्या भावा तुला पुढं जाऊन हीच नडणार आहे.

आमच्या काळात फॉन्टमध्ये मराठी असायची. बटण इंग्रजीचं, चित्र मराठीचं, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळा कचरा. १९८६ चा इनस्क्रिप्ट लेआउट (मराठी बटणांची सरकारी मांडणी) तेव्हापण होता, शिकायचा कंटाळा म्हणून आम्ही कुणी शिकलो नाही. आता युनिकोड आलं (प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच नंबर), कचरा गेला, पण लोकांना वाटतं की स्क्रीनवर सारखं दिसतंय म्हणजे आत पण सारखं आहे. तसं नाही.

"ॲडव्होकेट" मधला ॲ घे. एखादा कीबोर्ड त्याच्यासाठी एकच अक्षर पाठवतो, ते युनिकोडमध्ये २००८ ला आलं. दुसरा कीबोर्ड अ पाठवतो आणि त्याच्यावर चंद्र. दोन्ही पत्रिकेवर सारखेच छापले जातात. पण माझ्या गिऱ्हाइकांच्या यादीत वकीलसाहेबांचं नाव शोधलं तर सापडायचंच नाही, कारण मी टाकलं एका कीबोर्डनं आणि माझ्या पोरानं शोधलं दुसऱ्यानं. दोन महिने मी पोरालाच बोलत होतो.

आणि आमच्या ताईंचं गावच बघा की. कऱ्हाड. ह्यातला तो अर्धा र. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर पाठवतात, मग हलन्त, मग ह. काही कीबोर्ड साधा र, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडाक्षराचं चिन्ह, मग ह. डोळ्याला फरक दिसत नाही. कॉम्प्युटरला दोन वेगळी गावं. तुझ्या ॲपात गावाप्रमाणं पोत्यांची बेरीज आहे का? असली तर आजच बघ.

कऱ्हाडची_कोडर

काका, मानलं. आणि नुसतं युनिकोडचं नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एकाच रूपात आणणं) लावून पण ही दोन्ही जात नाहीत, ॲ आणि अ-वर-चंद्र ही युनिकोडच्या हिशोबानं वेगळीच आहेत आणि ते न दिसणारं चिन्ह पण तसंच राहतं. स्वतः अदलाबदल लिहावी लागते. कुठं लिहायची ते आता सांगायला नको, सेव्ह करताना. टाईप करताना नाही!!

अजून एक, नावाला अक्षरांची मर्यादा ठेवली असेल तर सैल ठेवा. आपण "क्षीरसागर" मध्ये पाच अक्षरं मोजतो, फोन नऊ मोजतो: क, हलन्त, ष, वेलांटी, र, स, काना, ग, र. बॅकस्पेसला क्ष एका फटक्यात जात नाही, आधी ष जातो, मग हलन्त, ते पण ह्यामुळंच.

हळदीचं_पोतं

मंडळी, अपडेट.

फिल्टर काढून टाकला, तपासणी सेव्हवर नेली. दिवाणजींनी आज सकाळी पहिला शेतकरी टाकला, "पाटील" एकदाच आलं. त्यांनी खात्रीसाठी दहा पाटील टाकून बघितले, आता यादीत दहा पाटील आहेत ते पुसत बसलोय. एंटरला एडिटर ॲक्शन लावला, चाललं. सेव्ह बटण पण वर आलं, कीबोर्डच्या बरोब्बर डोक्यावर बसलंय.

काका, तुम्ही म्हणालात म्हणून दुपारी जेवण सोडून गावांची यादी काढली. आमची सांगलीकडची गावं ठीक आहेत, पण कऱ्हाड खरंच दोनदा. एक माझ्या फोनवरचं, एक दिवाणजींच्या फोनवरचं. तिकडच्या शेतकऱ्यांची बेरीज कमी का येतेय म्हणून मामा गेल्या आठवड्यात माझ्यावर खेकसले होते आणि मी म्हणलं होतं कॉम्प्युटर कधी चुकत नसतो. ते आता मामांना कसं सांगायचं ते बघतो.

शेतकऱ्याला एसएमएसनं पट्टी पाठवायची सोय पण घालतोय, त्यात कळलं की मराठीत एका मेसेजात ७० च अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०. त्याला वेगळा धागा काढतो.

भडंग_भाई

पट्टी इंग्रजीत पाठव की मग.

हळदीचं_पोतं

मग मामांना वाचून कोण दाखवणार भाई, तू येणार काय यार्डात?